मतदान नव्हे, उधारी

“मत देऊन काय होते बावा?”

रिसोड तालुक्यातलं रिठद हे माझं गाव. इथे विशी-तिशीतली चार पोरं एकत्र बसली आणि निवडणुकीचा विषय निघाला, की हे वाक्य येतंच. त्याच्या मागोमाग दुसरं येतं, “कोनालेबी द्या, सोयाबीनचा भाव तोच.” मग कोणीतरी हसतं, मोबाइल काढतं आणि विषय तिथेच संपतो.

असं बोलणाऱ्यांना आळशी, बेजबाबदार, लोकशाहीची किंमत नसलेली पिढी म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती मान्य नाही. ही पोरं अडाणी नाहीत. उलट त्यांना जरा जास्तच आठवतं.

२०१९ साली ज्याने आयुष्यातलं पहिलं मत दिलं, त्याने पुढच्या पाच वर्षांत काय पाहिलं ते एकदा ओळीने मांडू. युतीला मत दिलं असेल तर निकालानंतर महिनाभरात युती तुटली. आघाडीला दिलं असेल तर ज्यांच्याविरुद्ध दिलं, त्यांच्यातलाच एक पक्ष सोबत घेऊन आघाडी सत्तेत बसली. मधे २३ नोव्हेंबरच्या सकाळी, गाव चहा पीत असताना, एक शपथविधी उरकला आणि ते सरकार चार दिवसही टिकलं नाही. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. नाव आणि चिन्ह कोणाचं, हे निवडणूक आयोगाने ठरवलं. आमदार अपात्र आहेत की नाहीत, हे विधानसभा अध्यक्षांनी ठरवलं आणि दोन्ही पक्षांच्या कुठल्याच गटाचा एकही आमदार अपात्र निघाला नाही. २०१९ चा मतदार कोणत्याही बाजूचा असो, ज्याला नको म्हणून त्याने बटण दाबलं तो कधी ना कधी सत्तेत बसलेला त्याने पाहिला.

असं सगळं पाहिलेला माणूस ‘मत देऊन काय होते’ असं विचारत असेल, तर तो प्रश्न रास्त आहे. माझं भांडण त्या प्रश्नाशी नाही. त्याचं उत्तर म्हणून पोरं घरी बसतात, त्याच्याशी आहे. आणि पोरांना त्या उत्तरापर्यंत ढकलणाऱ्यांशीही आहे. त्यात फक्त पुढारी येत नाहीत. मतदार जागृतीवालेही येतात.

दान कोणाला देतात?

निवडणूक आली की शाळेच्या पोरांची प्रभातफेरी निघते, रांगोळ्या निघतात, प्रतिज्ञा घेतली जाते, केंद्रावर सेल्फी पॉइंट उभा राहतो. ‘लोकशाहीचा उत्सव’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पडद्यावरचे चेहरे शाई लावलेलं बोट दाखवून सांगतात की हे पवित्र कर्तव्य आहे. ज्याचं सोयाबीन हमीभावाच्या खाली गेलं, ज्याची भरती दोन वर्षं अडकली, त्याला कोणीतरी उत्सव साजरा करायला सांगत असतं. त्याला वाटतं, ही आपली थट्टा चालली आहे. मग तो आपलं बोट कोरं ठेवतो आणि तोच त्याचा निषेध होतो.

मला तर ‘मतदान’ या शब्दापासूनच अडचण आहे. आपल्याकडे दान दिलं की ते परत मागत नाहीत. अन्नदान केलं आणि पंगतीतल्या माणसाला हिशोब विचारला, असं कोणी करत नाही. दान देणाऱ्याने हात जोडायचे आणि घरी जायचं. आपण नेमकं तसंच करतो. पाच वर्षांतून एकदा दान देतो आणि घरी येतो. घेणारा ते दान म्हणूनच घेतो. पुढे त्याने पक्ष बदलला, शब्द फिरवला, तर आपण म्हणतो, आपलं दान कुपात्री गेलं. नशिबाला दोष देतो आणि पुढच्या वेळी दानच बंद करतो.

आमच्या भागात दानापेक्षा जास्त चालणारा दुसरा एक व्यवहार आहे. तो म्हणजे उधारी.

जून लागला की गावोगावचा शेतकरी कृषी केंद्रात जातो. बियाण्याच्या पिशव्या, डीएपी, तणनाशक असं उचलतो. रोख कमी, बाकी उधार. दुकानदार वही काढतो, नाव, तारीख, माल आणि रक्कम लिहितो. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन निघालं की तो वसुलीला लागतो. कोणाचं किती एकर, कोणाला कुठे उतारा आला, कोणाने माल कधी विकला, हे सगळं त्याला माहीत असतं. त्याला चुकवून बाजारात जाता येत नाही.

आता या दुकानदाराचं वागणं बघा. दरवर्षी त्याचे पैसे कोणीतरी बुडवतोच. म्हणून तो दुकान बंद करत नाही. ‘उधारी देऊन काय होते’ असं म्हणत ओट्यावर बसत नाही. ज्याने बुडवले त्याला पुढच्या वर्षी कमी माल देतो, नाहीतर रोख मागतो, आणि शेजारच्या दुकानदारालाही सांगून ठेवतो. त्याला राग येतो, पण तो राग वहीत उतरतो.

मताकडे असं बघायला हवं, एवढंच माझं म्हणणं आहे. मत ही पाच वर्षांची उधारी आहे. ती देताना घेणाऱ्यावर प्रेम असायची गरज नाही, त्याची पूजा करायची तर अजिबातच नाही. मात्र वही पाहिजे. आपली निराशा मत देऊन आलेली नाही. वही न ठेवता मत दिल्यामुळे आलेली आहे.

वहीतली २०२४ ची पानं

वही असती तर त्यात काय लिहिलेलं असतं? २०२४ चंच घेऊ.

लोकसभेचं मतदान आमच्याकडे २६ एप्रिलला झालं. जूनमध्ये निकाल लागला. राज्यातल्या ४८ जागांपैकी महायुतीला १७ मिळाल्या. कांदा, कापूस आणि सोयाबीनने फटका दिला, हे तेव्हा खुद्द सत्तेतले लोक बोलत होते. पुढे काय झालं बघा. त्यानंतरच्या काही आठवड्यांत महिन्याला १,५०० रुपयांची लाडकी बहीण योजना आली. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज जाहीर झाली. आदल्या खरिपाच्या सोयाबीन आणि कापसासाठी हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, जाहीर झाले. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं. ते तोंडावर आलं असताना हमीभावाने खरेदी होणाऱ्या सोयाबीनमधल्या ओलाव्याची मर्यादा केंद्राने १२ टक्क्यांवरून १५ टक्के केली. शेतकरी कित्येक आठवडे तेच मागत होते.

या योजना चांगल्या की वाईट, तिजोरीला परवडणाऱ्या की न परवडणाऱ्या, तो वाद वेगळा. मला त्यातला क्रम दाखवायचा आहे. आधी मतपेटीत राग दिसला, मग शासन निर्णय निघाले. जे काम निवेदनांनी आणि मोर्चांनी होत नव्हतं, ते एका निकालाने काही आठवड्यांत केलं. ‘मत देऊन काय होते’ याचं उत्तर याच पानावर आहे.

आता पुढचं पान. विधानसभेच्या प्रचारात महायुतीकडून सोयाबीनला ६,००० रुपये भाव देण्याची भाषा झाली, काँग्रेसने ७,००० सांगितले. लाडक्या बहिणीला एकीकडून २,१००, दुसरीकडून ३,०००. कर्जमाफी दोघांच्याही जाहीरनाम्यात. बाजारात त्या वेळी सोयाबीन क्विंटलला चार हजारांच्या आसपास चाललं होतं आणि हमीभाव होता ४,८९२ रुपये. निकाल लागला. भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. तिघांचे मिळून २३०. एवढं बहुमत मिळाल्यावर घाई कोणाला? मार्च २०२५ च्या अखेरीस त्या वेळचे अर्थमंत्री अजित पवार यांनी शेतकऱ्यांना सांगितलं की ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरून टाका. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव जाहीर झाला ५,३२८ रुपये.

इथे आमच्या पोरांचं म्हणणं अर्ध खरं ठरतं. मत दिलं, सरकार आलं, भाव आला नाही. पण गोष्ट तिथे संपली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये बच्चू कडू आणि इतर शेतकरी नेत्यांनी नागपूरला ट्रॅक्टर घेऊन जाऊन रस्ता अडवला. त्यानंतर मुंबईत बैठक झाली आणि मुख्यमंत्र्यांनी ३० जून २०२६ पर्यंत कर्जमाफीचा निर्णय घेण्याची तारीख दिली. लक्षात घ्या, बच्चू कडू स्वतः २०२४ ला अचलपूरमधून हरलेले होते. म्हणजे तारीख लिहून घेणारा माणूस त्या वेळी आमदारही नव्हता.

कर्जमाफी हाच शेतीवरचा इलाज आहे, असं मी म्हणत नाही. मला त्या तारखेत रस आहे. ‘योग्य वेळी’ हा शब्द वहीत लिहिता येत नाही. ‘३० जून २०२६’ लिहिता येतं. शब्द पाळला का, पाळताना किती अटी घातल्या, कोण वगळले गेले, हे तारीख असली तरच विचारता येतं. आणि ती तारीख दोन निवडणुकांच्या मधल्या काळात मिळाली, जेव्हा आपण दान देऊन घरी बसलेले असतो.

वसुली एकट्याने होत नाही

मग आपण वही का ठेवत नाही? कारण वसुलीला चार माणसं एकत्र लागतात आणि आपण चार जण चार दिशांना तोंड करून बसलेले आहोत.

सप्टेंबर २०२३ मध्ये अंतरवाली सराटीत लाठीमार झाला आणि त्यानंतर मराठा विरुद्ध ओबीसी हा वाद गावागावात उतरला. त्यातले प्रश्न खोटे नाहीत. आरक्षण मागणाऱ्याची अडचण खरी आहे आणि आपला वाटा जाईल या भीतीने जागणाऱ्याचीही खरी आहे. पण त्या वर्षभरात जे झालं ते प्रश्नांच्या पलीकडचं होतं. दहावीपासूनचे मित्र व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडले. कोणी कोणाच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, असले मेसेज फिरले. नंतर विधानसभेच्या वेळी हिंदू-मुसलमान करणाऱ्या घोषणा वरून आल्या.

आमच्या लोकसभा मतदारसंघाचंच उदाहरण घ्या. रिठद वाशीम जिल्ह्यात असलं तरी रिसोड विधानसभा क्षेत्र लोकसभेला अकोल्याला जोडलेलं आहे. २०२४ ला अकोल्यात भाजपचे अनुप धोत्रे ४,५७,०३० मतं घेऊन निवडून आले. काँग्रेसचे अभय पाटील यांना ४,१६,४०४ मतं पडली, वंचितचे प्रकाश आंबेडकर यांना २,७६,७४७. निकालानंतर कित्येक दिवस मोबाइलवर एकच चर्चा, कोणत्या जातीने कोणाला पाडलं. कोणी म्हणे यांनी मतं खाल्ली, कोणी म्हणे त्यांनी गद्दारी केली. मतांची बेरीज अशी सरळ होत नसते, प्रत्येकाने आपल्या कारणाने मत दिलेलं असतं. ते बाजूला ठेवू. त्या सगळ्या चर्चेत या तिघांनी सोयाबीनबद्दल काय शब्द दिला होता, हे विचारणारा एकही मेसेज माझ्या मोबाइलवर आला नाही. २०१९ ला याच मतदारसंघात भाजपचं मताधिक्य पावणेतीन लाखांवर होतं, ते २०२४ ला ४०,६२६ वर आलं. एवढा फरक का पडला, हे निवडून आलेल्या पक्षाने नक्की तपासलं असेल. आपण मात्र जाती मोजत बसलो.

बाजार समितीत काटा लागतो तेव्हा पोत्यावर जात लिहिलेली नसते. ओलावा मोजायचं यंत्र मराठ्याच्या, वंजाऱ्याच्या, बौद्धाच्या, बंजाऱ्याच्या, मुसलमानाच्या सोयाबीनमध्ये सारखाच आकडा दाखवतं. मी एकोप्याचं प्रवचन देत नाही. तुमचं मत वेगवेगळ्या पक्षांना जाऊ द्या, जायलाच पाहिजे. पण वसुलीची यादी एक असू शकते. भावासाठी, रात्रीऐवजी दिवसा मिळणाऱ्या विजेसाठी, आरोग्य केंद्रात डॉक्टर असण्यासाठी सगळ्यांनी एकच कागद घेऊन जाता येतं. ती यादी होऊ नये, यातच ज्यांचा फायदा आहे, ते आपल्याला आपली जात दिवसातून दहा वेळा आठवून देतात.

नोटा, बहिष्कार आणि घरी बसणं

“मग नोटा दाबतो.” हे दुसरं उत्तर.

सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालाने नोटा आलं. लातूर ग्रामीणमध्ये २०१९ ला नोटा २७ हजारांहून जास्त मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर होतं. निवडून आलेले धीरज देशमुख लाखाहून जास्त फरकाने आमदार झाले. इंदूरला २०२४ मध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतला, म्हणून लोकांनी रागाने नोटा दाबलं. २ लाख १८ हजारांवर मतं नोटाला पडली. भाजपचे उमेदवार अकरा लाखांहून जास्त मतांनी जिंकले. लोकसभा-विधानसभेत नोटाला कितीही मतं पडली तरी उमेदवारांमध्ये पहिला येईल तोच निवडून येतो. म्हणजे नोटा हा निषेध आहे, पण वसुली नाही.

एक गोष्ट मात्र फार कमी लोकांना माहीत आहे. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत नोव्हेंबर २०१८ पासून नियम वेगळा आहे. तिथे नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायची असा राज्य निवडणूक आयोगाचा आदेश आहे. म्हणजे जिथे नोटाला थोडं वजन आहे ती जागा आपल्या गावातलीच आहे.

घरी बसणाऱ्यांना ‘एका मताने काय फरक पडतो’ असं विचारलं की आकडे सांगितले जातात, तेही सांगून टाकतो. मुंबई उत्तर पश्चिममध्ये २०२४ ला खासदार ४८ मतांनी ठरला. त्याच वर्षी विधानसभेला मालेगाव मध्यमध्ये १६२, साकोलीत २०८ आणि आमच्या शेजारच्या बुलढाण्यात ८४१ मतांचा फरक होता. पण खरं सांगायचं तर तुमच्या किंवा माझ्या एका मताने आजवर कोणी पडलेला नाही आणि बहुधा पडणारही नाही. मताचं काम दुसरं आहे. प्रत्येक केंद्रावर कोणाला किती मतं पडली, याचा तक्ता निकालानंतर जाहीर होतो. तुम्ही कोणाला मत दिलं ते त्यात कळत नाही, पण गावाने काय केलं ते कळतं. पक्षांचे लोक तो तक्ता बारकाईने वाचतात. कोणत्या गावात कोण बाहेर पडतं, बाया किती, हे त्यांना पाठ असतं. महिला मोठ्या संख्येने मतदान करतात, हे दिसल्यावरच सगळ्या पक्षांना बहिणी लाडक्या झाल्या. आता तरुण पोरांचं बघा. निम्मी चाकण, हिंजवडी, रांजणगावला. नाव गावच्या यादीत, माणूस पुण्यात. रात्रभराचा ट्रॅव्हल्सचा प्रवास, दोन दिवसांची मजुरी बुडणार, म्हणून येत नाहीत. गावात त्यांची मतं पडत नाहीत आणि पुण्यात त्यांचं नावच नाही. दोन्हीकडे ते दिसत नाहीत. मग त्यांच्या खोलीभाड्याचा, कंत्राटी नोकरीचा, अडकलेल्या भरतीचा विषय कोण काढेल?

तिसरं उत्तर असं असतं की यंत्रातच घोळ आहे, यादीतच घोळ आहे. शंका घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने डिसेंबर २०२४ मध्ये स्वतःच मतपत्रिकेवर चाचणी मतदान घ्यायचं ठरवलं, तेव्हा जमावबंदी लावून ते थांबवलं गेलं. शंका असलेल्या गावाला बंदोबस्त दाखवणं हे काही उत्तर नव्हतं. पण मारकडवाडीचे लोक घरी बसले नव्हते, हेही विसरू नका. त्यांनी मत दिलं होतं, आपल्या गावचा आकडा त्यांना माहीत होता, म्हणून ते प्रश्न विचारू शकले. ज्याने मतच दिलं नाही तो कोणत्या आकड्याबद्दल भांडणार? यादीवर शंका असेल तर यादी उघडून गावातली मेलेली, बाहेर गेलेली आणि दोनदा आलेली नावं शोधायची. यंत्रावर शंका असेल तर मतदान प्रतिनिधी म्हणून केंद्रात बसायचं. घरी बसून यातलं काहीच होत नाही.

ज्या निवडणुका झाल्याच नाहीत

आपण मत द्यायचं की नाही यावर भांडत असताना मत देण्याची सोयच काही वर्षं काढून घेतली गेली होती, आणि त्यावर जवळजवळ कोणी बोललं नाही.

पंचायत असो की महापालिका, पाच वर्षांची मुदत संपायच्या आत निवडणूक घ्यावी, असं राज्यघटनेत स्पष्ट लिहिलेलं आहे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झालं जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळपास चार वर्षं देशातल्या सगळ्यात श्रीमंत महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. ओबीसी आरक्षण, प्रभाग रचना, कोर्ट अशी कारणं चालत राहिली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार आठवड्यांत निवडणुकांची अधिसूचना काढायला सांगितलं, तेव्हा चाकं हलली.

या वादाचं एक मूळ आमच्या वाशीममध्येही आहे. विकास किशनराव गवळी यांच्या याचिकेवर ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक संस्थांतल्या ओबीसी आरक्षणावर निकाल दिला आणि वाशीमसह काही जिल्हा परिषदांतल्या त्या जागांवर ऑक्टोबर २०२१ मध्ये पोटनिवडणूक झाली. जानेवारी २०२५ मध्ये वाशीम जिल्हा परिषदेची मुदत संपली. वेळेवर निवडणूक झाली नाही आणि कारभार प्रशासकाकडे गेला. शाळेच्या खोलीचं छत गळत असेल तर ज्याच्या घरी जाऊन भांडावं असा जिल्हा परिषद सदस्यच नाही. पालकमंत्री म्हणाल तर २०२५ मध्ये आधी कागलचे हसन मुश्रीफ आणि मग इंदापूरचे दत्तात्रय भरणे. दोघेही राज्याच्या दुसऱ्या टोकाचे. खासदार अकोल्याचे, जिल्हा वाशीम. माणसाला कळतच नाही की कोणतं काम कोणाच्या नावावर लिहायचं. मग तो सगळ्यांना मिळून एक शिवी देतो आणि ती कोणालाच लागत नाही.

म्हणून वहीत प्रत्येकाचं वेगळं पान पाहिजे. हमीभाव केंद्राचा, ते खासदाराचं पान. कर्जमाफी, वीज आणि भरती राज्याची, ते आमदाराचं पान. शाळा, आरोग्य केंद्र आणि गावाला जोडणारे रस्ते जिल्हा परिषदेचे. नाली, पाणी आणि घरकुलाची यादी ग्रामपंचायतीची.

वही उघडायची कशी

ही वही उपमेपुरती नाही. खरी ठेवायची आहे, मोबाइलमध्ये ठेवली तरी चालेल.

पहिलं काम यादीचं. अठरा वर्षं पूर्ण झाली की फॉर्म ६ भरायचा. त्यासाठी आता वर्षात १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात. कायमचे पुण्यात राहत असाल तर फॉर्म ८ भरून नाव तिकडे न्या आणि तिकडच्या नगरसेवकाच्या डोक्यावर बसा. दोन्हीकडून गायब राहू नका. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी हा तुमचा कायदेशीर हक्क आहे. ठेकेदार नाही म्हणाला तर कायदा दाखवा.

दुसरं काम उमेदवाराचं शपथपत्र वाचायचं. मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण सगळं त्यात असतं आणि निवडणूक आयोगाच्या साइटवर फुकट मिळतं. मागच्या निवडणुकीतलं आणि आताचं शेजारी ठेवा. पाच वर्षांत तुमच्या बापाची जमीन किती वाढली आणि त्यांची किती, एवढी तुलना करायला पदवी लागत नाही.

तिसरं काम ग्रामसभेचं. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीला १०० मतदार किंवा एकूण मतदारांचे १५ टक्के, यांतली कमी असेल ती संख्या लागते. तेवढी माणसं आली नाहीत की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग सरपंच, ग्रामसेवक आणि पाच-सात जण बसतात आणि ठराव पास होतात. अनेक गावांचा कारभार अशा तहकूब सभांवरच चालतो. मोठ्या गावात शंभर तरुण जमवणं अवघड नाही. क्रिकेटच्या स्पर्धेला त्याहून जास्त जमतात.

चौथं काम तारीख मागायचं. प्रचाराला गाडी आली की हार घालायच्या आधी विचारायचं, “भाऊ, किती आणि कधीपर्यंत?” उत्तर मोबाइलवर सगळ्यांसमोर रेकॉर्ड करायचं. ‘बघू’, ‘नक्की करू’, ‘सरकार सकारात्मक आहे’ असली उत्तरं वहीत शून्य रुपये म्हणून मांडायची. आणि हे आपल्या आवडत्या पक्षाच्या उमेदवारालाही विचारायचं. दुसऱ्याच्याच उमेदवाराला विचारलं तर ती फक्त भांडणं होतील.

एवढं करूनही फसवणूक होईल. निवडून आलेला माणूस दुसऱ्या पक्षात जाईल, शब्द फिरवेल, चिन्ह बदलेल. दुकानदाराचीही उधारी बुडतेच. पण बुडवणाऱ्याला पुढच्या जूनमध्ये त्याच दुकानासमोरून जाताना मान खाली घालावी लागते, कारण वहीत त्याचं नाव आहे आणि ते सगळ्यांना माहीत आहे. आज पुढारी आपल्यासमोरून मान ताठ करून जातात, कारण आपण काही लिहून ठेवलेलंच नाही.

वाशीम जिल्हा परिषदेच्या पुढच्या मतदानाला बोटाला शाई लावून घ्यायची आणि त्याच संध्याकाळी पहिली नोंद करायची. आपल्या गटातून कोण उभे होते, कोणी काय कबूल केलं आणि कोणती तारीख दिली. निकालाची वाट बघायची नाही, कारण निकाल लागला की सगळ्यांची स्मरणशक्ती एकदम कमी होते.